बोटॉक्सनंतर पापणी पुन्हा उतरली? आधी बघा, खाली आलंय ते नेमकं काय

दोन भुवयांच्या मधल्या उभ्या रेषा घालवायला बोटॉक्स, म्हणजे स्नायू काही महिने सैल करणारं इंजेक्शन, घेतलं आणि आठवड्याच्या आत डावा डोळा अर्धवट मिटल्यासारखा दिसू लागला, असं माझ्या बाबतीत दोनदा झालं. पहिल्या वेळी डोळ्यांच्या थेंबांनी निभावलं. दुसऱ्या वेळी तेच थेंब, तितक्याच वेळा, जवळपास दोन आठवडे घातले आणि काडीचा फरक पडला नाही. दोन्ही वेळा मी लोकांना एकच सांगत होतो, "पापणी उतरली." पहिल्या वेळी ते खरं होतं. दुसऱ्या वेळी पापणी जागच्या जागी होती, खाली आली होती ती भुवई. वरवर दोन्ही सारखंच दिसतं, पण कारण वेगळं, उपाय वेगळा आणि पुढच्या वेळी घ्यायची काळजीही वेगळी. दोन आठवडे वाया गेले ते एवढंच न कळल्यामुळे, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

मी डॉक्टर नाही. खाली जे आहे ते दोन वेळच्या अनुभवातून, नेत्रतज्ज्ञांना विचारून आणि बऱ्याच वाचनातून आलेलं आहे. औषधांची नावं दिली आहेत ती डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. दुकानातून परस्पर आणून डोळ्यात घालण्यासाठी नाहीत.

सगळ्यात आधी: घाई कधी करायची

इंजेक्शनमुळे उतरलेली पापणी त्रासदायक असते, धोकादायक सहसा नसते. पण पापणी उतरण्याची इतरही कारणं आहेत आणि त्यातली काही गंभीर आहेत. एकाची दोन दिसू लागली, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसू लागल्या, अचानक जोराचं डोकं दुखलं, चेहऱ्याची एक बाजू किंवा हात-पाय लुळा वाटला, तर पुढचं वाचत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. गिळायला जड जाणं, बोलणं अडखळणं, श्वासाला त्रास होणं हे औषध दूरवर पसरल्याचं लक्षण असू शकतं. तिथेही तेच.

वेळेचं गणितही बघा. बोटॉक्समुळे पापणी उतरायला लागते ती इंजेक्शननंतर साधारण दुसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही. सुई टोचल्यावर तासाभरात डोळा जड झाला तर ती सूज किंवा साकळलेलं रक्त असण्याची शक्यता जास्त. आणि इंजेक्शनला महिना होऊन गेल्यावर पापणी नव्याने उतरली तर खापर बोटॉक्सवर फोडू नका, दुसरं कारण शोधायला लावा. दिवस चढत जाईल तशी पापणी उतरत असेल आणि झोपून उठल्यावर बरी असेल, तर मायस्थेनिया या स्नायू लवकर थकणाऱ्या आजाराची शंका डॉक्टरांच्या कानावर घाला. तो असलेल्या माणसाने हे इंजेक्शन घेताना फार जपावं लागतं, आणि कित्येकदा तो आजार आहे हे तोवर कुणाला माहीतच नसतं.

आरशासमोरची पाच मिनिटं

आता मुख्य काम. आरसा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, समोरून उजेड येऊ द्या, कपाळ सैल सोडा. हे सैल सोडणं वाटतं तेवढं सोपं नाही. डोळा जड झाला की आपण नकळत भुवया वर ताणतो. डोळे हलकेच मिटा, दहापर्यंत मोजा, मग भुवया न हलवता उघडा.

पहिली खूण: पापणीची कड, म्हणजे जिथून केस निघतात ती रेघ, बुबुळावर कुठे टेकली आहे? साधारणपणे वरची पापणी बुबुळाचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते. घरच्या कुणाला तरी मोबाइलवर फ्लॅश लावून अगदी समोरून फोटो काढायला सांगा. फ्लॅशचा पांढरा ठिपका बाहुलीच्या मध्यावर दिसतो. त्या ठिपक्यापासून पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर निरोगी डोळ्यात चार ते पाच मिलिमीटर भरतं. फोटोत मिलिमीटर कसे मोजायचे? बुबुळाची आडवी रुंदी मोठ्या माणसांत जवळपास सगळ्यांचीच अकरा ते बारा मिलिमीटर असते, तीच मोजपट्टी. फोटो मोठा करून आधी बुबुळ मोजा, मग ते अंतर, आणि प्रमाण काढा. पहिल्या वेळी माझ्या उजव्या डोळ्याचं साडेचार आलं होतं आणि डाव्याचं जेमतेम दोन.

दुसरी खूण बोटाची. एका बोटाने भुवई हलकेच उचलून तिच्या जुन्या जागेवर न्या. डोळा लगेच मोकळा झाला, जडपणा गेला, तर खाली आलेली आहे ती भुवई. भुवई वर नेऊनही पापणीची कड बाहुलीवर तशीच टेकलेली राहिली, तर पापणी.

तिसरी खूण कातडीची. भुवई उतरली की वरची सैल कातडी घडी पडून पापणीवर ओघळते, कधी केसांवरही टेकते. तिच्याखालची पापणीची कड मात्र आपल्या जागी असते. कातडी वर धरून बघितल्याशिवाय ती दिसत नाही, म्हणून फसायला होतं.

दोन्ही एकदम झालेलं असू शकतं. आणखी एक गंमत लक्षात ठेवा. एक पापणी उतरली की मेंदू दोन्ही पापण्यांना "वर घ्या" असा एकच हुकूम जास्त जोराने सोडतो. आजारी पापणी फारशी हलत नाही, पण चांगली पापणी गरजेपेक्षा वर जाते. मला पहिले दोन दिवस वाटत होतं की उजवा डोळाच बटाट्यासारखा मोठा झालाय. उतरलेला डोळा हाताने झाकून बघा: दुसरा निवळून नेहमीच्या आकारात आला तर त्यात काही बिघाड नाही.

पहिली वेळ: पापणी

इंजेक्शनचा चौथा दिवस. संध्याकाळी बायकोने विचारलं, "आत्ता झोपून उठलास का?" मी दुपारी झोपतच नाही. सहाव्या दिवशी कार्यालयात तिघांनी विचारलं, आणि नवव्या दिवशी पापणीची कड बाहुलीच्या वरच्या काठाला लागली.

काय झालेलं असतं? वरची पापणी उचलणारा मुख्य स्नायू म्हणजे लेव्हेटर. तो डोळ्याच्या खोबणीत वरच्या बाजूने पुढे येतो. कपाळाला आठी घालणारा कॉरुगेटर भुवईखाली, हाडाला लागून असतो. दोघांच्या मधे पातळ पडदा आहे. इंजेक्शन खाली दिलं गेलं, खोल गेलं किंवा जास्त पाण्यात मिसळलेलं असलं, तर औषधाचा थोडा अंश पडद्यापलीकडे झिरपतो. लेव्हेटर नाजूक स्नायू आहे, त्याला थोडकंही पुरतं. औषध त्याच्या मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन, म्हणजे स्नायूपर्यंत हुकूम नेणारं रसायन, बाहेर पडू देत नाही. हुकूम निघतो, पण पोचत नाही.

हे काही फार दुर्मीळ नाही. आठ्यांसाठीच्या सुरुवातीच्या चाचण्यांतला जो आकडा बोटॉक्सच्या माहितीपत्रकात छापलेला आहे, तो शंभरात तीन असा आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांना तर हे फार आधीपासून ठाऊक आहे, कारण औषध मुळात त्यांचंच. अमेरिकेत त्याला पहिली मान्यता १९८९ साली तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या आजारासाठी मिळाली. आठ्यांसाठी ती २००२ साली आली. बुबुळावर जखम असेल तर ती झाकली जावी म्हणून काही नेत्रतज्ज्ञ हेच औषध लेव्हेटरमध्ये मुद्दाम टोचतात. आपण ज्याला अपघात म्हणतो तो तिथे उपचार असतो. हे ऐकल्यावर माझी अर्धी भीती गेली.

दिलासा असा की लेव्हेटर एकटा नाही. त्याच्या मागे म्युलरचा छोटा स्नायू असतो, पापणी आणखी एक-दोन मिलिमीटर उचलून धरणारा. तो वेगळ्या मज्जातंतूंवर चालतो. त्याला अ‍ॅसिटिलकोलिन नको, नॉरअ‍ॅड्रेनलिन लागतं. त्यामुळे बोटॉक्स त्याला शिवत नाही, आणि त्याच जातीचा संदेश देणारे थेंब डोळ्यात घातले की तो आवळतो. थेंबांमुळे बोटॉक्स उतरत नाही, कपाळावरचा परिणामही जात नाही. दुसऱ्या माणसाला ओझं उचलायला लावायचं, एवढंच.

यासाठी सर्वांत जास्त वापरले जातात ते अ‍ॅप्राक्लोनिडीनचे ०.५ टक्क्याचे थेंब. मुळात ते डोळ्यातला दाब कमी करण्याचं औषध. पापणीसाठी त्याला स्वतंत्र मान्यता नाही, डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात. मला दिवसातून तीनदा एक-एक थेंब सांगितला होता. अर्ध्या तासात पापणी वर येई आणि काही तास टिके. मोजून बघितलं: दोनवरून साडेतीन. पूर्ण नाही, पण समोरच्याने विचारायचं थांबलं. दुष्परिणाम म्हणजे तोंड कोरडं पडणं आणि, बरेच दिवस वापरल्यास, डोळा लाल होऊन खाजणं. तशी अ‍ॅलर्जी आली की बंद. नैराश्यासाठी एमएओ गटातली औषधं घेणाऱ्यांना हे चालत नाही.

दुसरं औषध ऑक्सिमेटाझोलिनचे ०.१ टक्क्याचे थेंब. उतरलेल्या पापणीसाठी म्हणूनच अमेरिकेत २०२० साली मान्य झालेले, दिवसातून एकदाच घालायचे. इथे एक इशारा: याच नावाचं औषध सर्दीच्या नाकातल्या स्प्रेमध्ये असतं. औषध एकच ना, मग चालेल, असं म्हणून स्प्रे डोळ्यात मारू नका. तो डोळ्यासाठी बनवलेला नसतो. ब्रिमोनिडीनही कधी दिलं जातं, त्याचा जोर सहसा कमी पडतो. फिनाइलएफ्रिनने पापणी वर येते, पण बाहुली मोठी होते आणि रक्तदाब वाढू शकतो. रक्तदाब, हृदयविकार किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. एकूणच, काचबिंदूची तपासणी झाल्याशिवाय यातलं काहीही सुरू करू नये असं माझं मत आहे. माझ्या डॉक्टरांनी ती पाच मिनिटांत केली.

थेंब घालण्याच्या दोन युक्त्या. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा आणि पंधरा मिनिटं थांबून परत घाला. थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरा. औषध नाकावाटे घशात कमी उतरतं, तोंडही कमी कोरडं पडतं. आणि रोज तीनदा घालायलाच हवेत असं नाही. थेंबांनी बरं व्हायचा वेळ कमी होत नाही, तेवढ्यापुरती पापणी उचलली जाते. मी रविवारी घालतच नसे.

बरं व्हायला किती दिवस? पापणीपर्यंत पोचलेला अंश कपाळात टोचलेल्यापेक्षा खूप कमी असतो, म्हणून पापणी आठ्यांच्या आधी सुटते. बहुतेकांची दोन ते सहा आठवड्यांत, काहींची त्याहून उशिरा. माझी तिसऱ्या आठवड्यात हलायला लागली आणि सहाव्या आठवड्याच्या शेवटी मोजमाप दोन्हीकडे जवळपास सारखं आलं. तोवर रात्री गाडी चालवणं बंद ठेवलं होतं. वरच्या बाजूचं दिसणं कमी झालेलं असतं आणि ते आपल्याला कळत नाही.

दुसरी वेळ: भुवई

दीड वर्षाने पुन्हा हिंमत केली. या वेळी डॉक्टर वेगळे. त्यांना मागची हकीकत सांगितली. त्यांनी भुवईजवळच्या जागा टाळल्या, बरोबर कपाळावरच्या आडव्या रेषांनाही सुया दिल्या. सातव्या दिवशी डावा डोळा पुन्हा जड. मी मनाशी म्हटलं, तेच झालं. उरलेले थेंब मुदतीतले आहेत का ते बघितलं, नव्हते. डॉक्टरांना फोन केला, नवीन लिहून घेतले आणि सुरू केले. बारा दिवस घातले. तोंड तेवढं कोरडं पडलं.

शेवटी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी माझी भुवई अंगठ्याने उचलली, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाले, "तुमची पापणी जागेवर आहे. खाली आलीय ती भुवई. थेंब भुवईला काय करणार?"

कपाळाचा फ्रंटॅलिस हा भुवई वर उचलणारा एकमेव स्नायू. बाकी सगळे, दोन भुवयांमधले आणि डोळ्याभोवतीचे, तिला खाली ओढणारे. आडव्या रेषा घालवायच्या म्हणजे फ्रंटॅलिसलाच झोपवायचं. फार खाली किंवा फार जोरात झोपवला की ओढणाऱ्यांचं राज्य. म्हणून कपाळाच्या खालच्या पट्ट्यात सुई टाळतात आणि दोन भुवयांमधल्या ओढणाऱ्या स्नायूंनाही बरोबर सैल करतात, म्हणजे तोल राहतो.

पण माझ्यात आणखी एक भानगड निघाली. डॉक्टरांनी जुने फोटो मागितले. मोबाइलमध्ये सहा वर्षांपूर्वीचा, ओळखपत्रासाठी काढलेला एक सापडला. त्यांनी तो मोठा करून दाखवला. डावी पापणी उजवीपेक्षा मिलिमीटरभर खाली, डावी भुवई किंचित वर, आणि कपाळाच्या आडव्या रेषा डाव्या बाजूला जास्त खोल. म्हणजे डावी पापणी आधीपासूनच थोडी ढिली होती आणि मी वर्षानुवर्षं कपाळ ताणून ती सावरत होतो. बरीच वर्षं मी कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरल्या आहेत. त्या काढता-घालताना पापणी सारखी ओढली जाते आणि लेव्हेटरची पकड ढिली पडू शकते. ज्या रेषा मी पैसे देऊन पुसायला निघालो होतो, त्या माझा डोळा उघडा ठेवण्यासाठी पडलेल्या होत्या. फ्रंटॅलिस झोपला आणि आधार गेला.

भुवईसाठी थेंब नाहीत. एक मार्ग असतो: भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, डोळ्याभोवतीच्या ओढणाऱ्या स्नायूत अगदी थोडं बोटॉक्स द्यायचं, म्हणजे खालची ओढ कमी होऊन टोक किंचित वर येतं. हे काम मुरलेल्या हाताचं आहे, आणि बोटॉक्सने झालेलं बोटॉक्सनेच सुधारायचं म्हटल्यावर माझं मन धजावलं नाही. मी थांबलो. सहाव्या-सातव्या आठवड्यापासून कपाळ जरा हलू लागलं तसा भार कमी झाला. पूर्ण सुटायला तीन महिने लागले, म्हणजे पापणीच्या दुप्पट. कपाळात पूर्ण मात्रा असते, तिथे सवलत नाही. दरम्यान काम करताना चेहऱ्याला लावायच्या पारदर्शक चिकटपट्टीने कातडी वर धरून ठेवायचो. वाईट दिसतं, पण घरात कोण बघतं.

काय करून उपयोग होत नाही

चोळणं. पहिल्या काही तासांत तर चोळायचंच नाही, नंतर चोळून औषध परत येत नाही. गरम शेक, डोळ्यांचे व्यायाम, जीवनसत्त्वांच्या गोळ्या यांनी दिवस कमी झाल्याचं मला कुठे सापडलं नाही. फिलर, म्हणजे सुरकुत्या भरायला कातडीखाली टोचतात तो जेल, विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते हायलुरोनिक आम्लाच्या फिलरवर चालतं, बोटॉक्सवर नाही. बोटॉक्स ज्या जिवाणूच्या विषापासून बनतं त्या विषावरचं प्रतिविष असतं खरं, पण ते अन्नातून विषबाधा झालेल्यांसारख्या जीवघेण्या प्रसंगासाठी, आणि स्नायूत आधीच शिरलेल्या औषधाला तेही परत काढू शकत नाही. "दुसरी बाजूही थोडी उतरवू, म्हणजे सारखं दिसेल" असं कुणी सुचवलं तर तिथून उठा.

पापणीच्या कडेजवळच्या मिटणाऱ्या स्नायूत कणभर बोटॉक्स देऊन पापणी उचलण्याचीही पद्धत आहे. काही नेत्रतज्ज्ञ करतात. जागा थोडी चुकली तर पापणी आणखी उतरू शकते, म्हणून हे डोळ्यांच्या पापणीवर रोज काम करणाऱ्याखेरीज कुणाकडे करू नये. आणि या काळात कायमच्या शस्त्रक्रियेचा विचारही नको. जे आपोआप सुटणार आहे त्यावर टाके कशाला?

मग पुन्हा पुन्हा का होतं

दुसऱ्या वेळेनंतर मी दोन्ही ठिकाणांहून माझी नोंद मागवली. मागितली की देतात, न मागता कुणी देत नाही. पहिल्या ठिकाणच्या कागदावर दोन गोष्टी दिसल्या.

एक, औषधात पाणी किती. बोटॉक्सची १०० युनिटची कुपी नेहमीच्या पद्धतीत अडीच मिलिलिटर सलाइनमध्ये विरघळवतात. मग ०.१ मिलिलिटरला चार युनिट येतात, आणि भुवयांमधल्या पाच जागी चार-चार अशी वीस युनिट देतात. माझ्या कागदावर सलाइन चार मिलिलिटर होतं. त्याच चार युनिटसाठी प्रत्येक जागी ०.१६ मिलिलिटर. औषध तेवढंच, पाणी दीडपटीहून जास्त. पाणी वाढलं की पसारा वाढतो. ज्यांना फक्त युनिट विचारायची सवय आहे त्यांना हे कधीच कळणार नाही. युनिटचा हिशेबही एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीला लागू पडत नाही, म्हणून कागदावर औषधाचं नाव हवंच.

दोन, मोजायची जागा. बाहेरच्या बाजूच्या सुया हाडाच्या कडेपासून निदान एक सेंटिमीटर वर असाव्यात असा दंडक आहे. हाडापासून, भुवईच्या केसांपासून नाही. पुरुषांची भुवई बहुधा हाडावरच बसलेली असते, वय वाढलं की त्याखालीही सरकते. बायकांची कोरलेली भुवई मूळ जागी असेलच असं नाही. कागदावरच्या चित्रात माझ्या खुणा केसांच्या वर सेंटिमीटरभर होत्या आणि माझी भुवई आरामात असताना हाडाच्या खाली येते. तुम्हीही बोटाने चाचपून बघा, भुवईच्या केसांत हाडाची कड लागते की वर. मला ती केसांच्या वर लागली. म्हणजे नीट मोजूनही सुई खाली गेली होती. आणि सुई देताना मी भुवया वर ताणून बसलो होतो, हेही आठवतं. घाबरलेला माणूस भुवया ताणतोच.

इंजेक्शननंतर चार तास आडवं होऊ नका, वाकू नका, असं सगळे सांगतात. मी पाळतो, त्यात तोटा नाही. पण त्याला भक्कम पुरावा नाही, आणि "तुम्हीच झोपला असाल" असं म्हणून हात झटकले जातात तेव्हा राग येतो. पहिल्या वेळी मला तेच ऐकायला मिळालं. पहिले काही तास तिथे चोळणं आणि दाब देणारी टोपी किंवा चेहऱ्याचा मसाज टाळणं एवढं शहाणपणाचं.

तिसरी वेळ

मधे वर्ष गेलं. या वेळी आधी नेत्रतज्ज्ञांकडे. त्यांनी भुवई अंगठ्याने दाबून धरली, म्हणजे कपाळाची मदत मिळत नाही, आणि खाली बघायला लावून मग वर बघायला लावलं. पापणीची कड किती सरकते ते पट्टीने मोजलं. बारा मिलिमीटरपासून पुढे ठीक समजतात. डावीकडे तेरा, उजवीकडे सोळा. लेव्हेटर काम करतोय, पण राखीव बळ कमी. त्यांनी तसं दोन ओळींत लिहून दिलं आणि तो कागद घेऊन मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

तिथे ठरलं ते असं. कपाळाच्या आडव्या रेषांना हात लावायचा नाही. दोन भुवयांमधे सलाइन अडीच मिलिलिटरच्या हिशेबाने, मधल्या तीन जागा नेहमीप्रमाणे. उजवीकडची बाहेरची जागा हाड चाचपून, त्यावर दीड सेंटिमीटर, वरच्या थरात. डावीकडची बाहेरची जागा गाळायची. खुणा करताना मी डोळे मिटून, कपाळ सैल सोडून बसलो. सुई देताना डॉक्टरांनी अंगठा हाडाच्या कडेवर दाबून धरला आणि सुईचं टोक वरच्या दिशेला ठेवलं. सगळं मिळून चार मिनिटं. नोंदीचा फोटो मी तिथेच काढून घेतला.

मग रोज सकाळी एक फोटो, त्याच खिडकीसमोर, दात घासल्यावर. चौथा दिवस, सातवा, नववा. चौदाव्या दिवशी मोजलं: उजवा साडेचार, डावा पावणेचार. ओळखपत्राच्या जुन्या फोटोत होता जवळपास तेवढाच फरक. बायकोने काही विचारलं नाही.

कपाळावरच्या आडव्या रेषा अर्थातच तशाच आहेत, डावीकडे जरा जास्त. आणि डोळ्यावर ऊन आलं की डाव्या भुवईच्या वर, बाहेरच्या बाजूला, एक बारीकशी खळी पडते. गाळलेली जागा तीच.